तुरुंगातल्या मारहाणीची भरपाई माणूस मेल्यावरच का? गृह विभागाला खुलं पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, पुणे,

सादर नमस्कार.

मी एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे दर मंगळवारी इथल्या कारागृहात जाते. कार्यालयाशेजारच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक नोंदवही असते. ज्यांना वकील परवडत नाही असे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, एकेक करून आत येतात. जामिनाचं काय झालं, तारीख कधीची, घरच्यांना निरोप द्याल का, असं बोलणं होतं. दारात एक शिपाई उभा असतो.

गेल्या वर्षी अशाच एका मंगळवारी तेवीस वर्षांचा एक मुलगा चपला हातात घेऊन आत आला. मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात चार महिने आत होता. त्याआधी शहरातल्या एका हॉटेलात वेटर होता. मी म्हटलं, "चपला घाल की, फरशी गार आहे." तो म्हणाला, "बसत नाहीत, मॅडम." टाचा न टेकवता, पावलांच्या कडांवर भार देत तो खुर्चीपर्यंत आला. दारातला शिपाई क्षणभर बाजूला झाला तेव्हा त्यानं एक पाय उचलून मला दाखवला. तळवा काळानिळा पडला होता आणि टाचेपासून बोटांपर्यंत सुजला होता. दुसराही तसाच.

झडतीत त्याच्या घोंगडीखाली तंबाखूची पुडी सापडली होती. पुडी बाहेरून कुणी आणून दिली, हे त्यानं सांगितलं नाही. मग त्याला सर्कलमध्ये, म्हणजे कारागृहाच्या एका विभागात, नेलं, आडवं पाडलं, दोघांनी पाय धरले आणि तिसऱ्यानं काठी चालवली. वैद्यकीय नोंदवहीत त्या दिवसाची ओळ मी नंतर स्वतः वाचली: 'स्नानगृहात घसरून पडल्याने मुका मार.'

घसरून पडणाऱ्याचं कोपर फुटतं, गुडघा सोलवटतो, डोक्याला खोक पडते. दोन्ही तळव्यांना एकसारखा मुका मार लागेल असं घसरता येत नाही.

त्याच आठवड्यात त्याची न्यायालयीन कोठडी वाढवण्याची तारीख होती. तारीख झाली ती व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर. मी कोर्टात, तो पडद्यावर. मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, "काही तक्रार आहे का?" त्यानं मान हलवली, नाही म्हणून. पडद्यावर तो छातीपासून वर दिसत होता. पाय दिसत नव्हते, आणि कॅमेऱ्याच्या कडेला कोण उभं आहे तेही दिसत नव्हतं. मी उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण त्यानं मला मंगळवारीच हात जोडून सांगितलं होतं, "मॅडम, मला परत त्याच बराकीत जायचंय. जामीन होईपर्यंत काही करू नका."

म्हणून मी थांबले. जामीन झाला, तो बाहेर आला, आणि आता हे पत्र लिहिते आहे. कारागृहाचं नाव आणि मुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचा खटला अजून उभा आहे. उद्या शिक्षा झाली तर तो पुन्हा त्याच दारातून आत जाणार.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं एक चांगला निर्णय घेतला. कारागृहात काम करताना अपघात होऊन, वैद्यकीय हलगर्जीमुळे, कारागृह कर्मचाऱ्यांच्या मारहाणीत किंवा कैद्यांच्या आपसातल्या भांडणात बंद्याचा, म्हणजे कैद्याचा, मृत्यू झाला, तर त्याच्या वारसांना 5 लाख रुपये, आणि आत्महत्या असेल तर 1 लाख रुपये द्यायचं ठरलं. या निर्णयाबद्दल मी मनापासून आभार मानते. 'कर्मचाऱ्यांच्या मारहाणीमुळे मृत्यू' हे शब्द सरकारच्या स्वतःच्या धोरणात यावेत, ही लहान गोष्ट नाही. अशी मारहाण होते आणि तिची भरपाई सरकारनं करायची असते, हे त्या एका ओळीनं मान्य केलं.

ही बातमी मुलाच्या आईनं वाचली होती. ती चार घरची धुणीभांडी करते. जामिनाच्या कागदांवर सही करायला आली तेव्हा पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढून तिनं माझ्यापुढे ठेवलं. "ताई, यात आमचं काही बसतं का?" मी म्हटलं, नाही, हे मृत्यू झाला तरच आहे. ती बराच वेळ त्या कात्रणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जिवंत राहिला म्हणून काहीच नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नियम समजून घेत होती बिचारी. पण तो नियम तिला समजावून सांगताना मला लाज वाटली. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे: बंद्याच्या अंगावर पहिला फटका पडतो त्या क्षणापासून शासनाची जबाबदारी सुरू होते असं माना. प्रेत शवविच्छेदनाच्या टेबलावर येईपर्यंत थांबू नका.

कायदा इथवर पोचायला किती वर्षं लागली, ते इथे मांडते. कारण त्यात दोन मराठी सरन्यायाधीशांचा वाटा आहे.

सरकारी नोकरानं केलेल्या नुकसानीला सरकार जबाबदार असतं का, हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. 1962 साली राजस्थानच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हो, असतं. तिथे कलेक्टरच्या सरकारी जीपखाली एक पादचारी मेला होता. एसटीच्या ड्रायव्हरनं कुणाला उडवलं तर महामंडळ भरपाई देतं, हे आपल्याकडं खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. तोच न्याय. पण दोनच वर्षांनी कस्तुरीलाल प्रकरण आलं. 1947 साली मीरतमध्ये पोलिसांनी अमृतसरच्या एका व्यापाऱ्याला अटक केली आणि त्याचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं मालखान्यात ठेवलं. हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. व्यापाऱ्यानं सरकारकडं भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, अटक आणि जप्ती हा राज्याचा सार्वभौम अधिकार आहे, तो वापरताना नोकर चुकला तरी राज्य बांधील नाही. म्हणजे जीप चालवताना चुकलात तर भरपाई, पण वर्दीचा अधिकार वापरताना चुकलात तर नाही.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश आपल्या साताऱ्याचे, पी. बी. गजेंद्रगडकर. पण त्यांनी त्याच निकालात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. ही स्थिती समाधानकारक नाही, आणि राज्याच्या या संरक्षणाला आवर घालणारा कायदा करण्याचा विधिमंडळांनी गांभीर्यानं विचार करावा, असं त्यांनी सुचवलं. विधी आयोगानं तर आपल्या पहिल्याच अहवालात, 1956 साली, असा कायदा मागितला होता. 1960 च्या दशकात लोकसभेत विधेयक आलंही, पण ते मंजूर झालं नाही. तो कायदा आजही नाही. हे मला पुन्हा पुन्हा खटकतं. निकाल देणाऱ्या न्यायाधीशानं स्वतः सांगावं की इथं कायदा करा, आणि साठ वर्षं कुणी तो करू नये.

दार उघडलं ते 1983 साली. बिहारमधला रुदुल साह नावाचा माणूस 1968 मध्ये निर्दोष सुटला होता, पण मुजफ्फरपूरच्या तुरुंगातून त्याला सोडलं 1982 मध्ये. चौदा वर्षं जास्तीची. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, आपले पुण्याचे, यांनी विचार केला की याला आता नुसतं 'तू मोकळा आहेस' म्हणून भागणार नाही. पैशाची भरपाई दिली नाही तर जगण्याच्या हक्काची बात तोंडदेखली ठरेल. न्यायालयानं बिहार सरकारला 35 हजार रुपये द्यायला लावले. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण मूलभूत हक्क मोडला म्हणून सरकारनं थेट पैसे मोजायचे, हे तेव्हापासून रुळलं. 1993 मध्ये निलाबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की घटनेतल्या हक्कांच्या बाबतीत सार्वभौम अधिकाराची ढाल चालणार नाही. ओडिशातल्या निलाबती बेहेरा या आईच्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी घरातून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो रेल्वे रुळांवर मृतावस्थेत सापडला. तिला दीड लाख रुपये मिळाले. पुढं 2000 साली, आंध्रातल्या एका उपकारागृहात घुसून बॉम्ब टाकून मारल्या गेलेल्या बंद्याच्या प्रकरणात, न्यायालयानं कस्तुरीलालचा आधार आता उरलेला नाही असंच म्हटलं. रक्षकांनी मारलं नव्हतं तिथं, फक्त राखण नीट केली नव्हती. तरी राज्य जबाबदार ठरलं.

साहेब, यातले बरेच खटले वकिलांच्या जाडजूड याचिकांनी सुरू झालेले नाहीत. निलाबती बेहेरांनी 1988 मध्ये न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. बंगालमधल्या विधी सेवा संस्थेच्या डी. के. बसूंनी 1986 मध्ये पत्रच लिहिलं, त्यातून अटकेचे नियम आले. 1979 मध्ये तिहारमधून सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांना पत्र लिहिलं. नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी तुरुंगाच्या एका वॉर्डरनं, म्हणजे रक्षकानं, दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला होता, आणि बत्रानं स्वतःसाठी नाही, त्या दुसऱ्यासाठी लिहिलं. आणि मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा महिला बंद्यांशी बोलून पत्र लिहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्रावर 1983 मध्ये निकाल झाला. अटक करून समोर आणलेल्या माणसाला 'छळ झाला का, काही तक्रार आहे का' असं मॅजिस्ट्रेटनं विचारलंच पाहिजे, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगितलं पाहिजे, असा आदेश त्या निकालात आहे.

म्हणजे माझ्या अशिलाला पडद्यावर विचारलेला तो प्रश्न मुंबईतल्या एका बाईच्या पत्रातून आलेला आहे. तेव्हा माणूस समोर उभा असायचा. लंगडत आला तर दिसायचा. आता चौकटीत चेहरा दिसतो आणि प्रश्न विचारल्याची नोंद होते. व्हीसीमुळं गाडी, एस्कॉर्ट, डिझेल वाचतं, गर्दीच्या कारागृहांना ती सोय लागते, हे मला पटतं. पण महिन्यातून निदान एकदा बंदी प्रत्यक्ष न्यायालयात चालत आला पाहिजे. आणि व्हीसीच्या खोलीत त्याच्याजवळ त्याच कारागृहाचा शिपाई उभा असता कामा नये.

तुमचे अधिकारी म्हणतील की वकीलबाई एकच बाजू सांगतात. रक्षकांची बाजूही मी बघते, दर आठवड्याला. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात अधिकृत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. आमच्या लहान जिल्हा कारागृहातही रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. अशा बराकीवर एखादा शिपाई लागोपाठ ड्युट्या करत असतो. आत मोबाईल सापडला, तंबाखू सापडली की वरून मेमो त्याला येतो. अशा माणसाच्या हातात काठी शिल्लक राहते. म्हणूनच मी म्हणते की हा एकट्या शिपायाचा गुन्हा समजून फाइल बंद करू नका. ती बराक त्यानं भरली नाही. पदं त्यानं रिकामी ठेवली नाहीत. त्याच्या काठीमागं शासनाचा हात आहे, म्हणून भरपाई आधी शासनानं द्यावी. नंतर दोषी ठरलेल्याकडून ती वसूल करण्याचा शासनाचा हक्क बसू प्रकरणाच्या निकालानं मान्य केलेलाच आहे. पीडितानं मात्र त्या वसुलीची वाट बघत बसायचं नाही.

आणि फक्त कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल करून काय होतं, हे भायखळ्यानं आपल्याला दाखवलं. जून 2017 मध्ये भायखळा महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला. स्वतः शिक्षा भोगत असलेली, आणि कैद्यांमधलीच वॉर्डर म्हणून इतर बंदिनींवर देखरेख ठेवणारी बाई. रेशनमधल्या दोन अंडी आणि पाच पावांच्या हिशेबावरून कर्मचाऱ्यांनी तिला मारहाण केल्याचा आरोप आहे. तुरुंगाधिकारी आणि पाच रक्षक महिला अशा सहा जणी अटक झाल्या. पण ज्या बंदिनींनी त्या मृत्यूनंतर आरडाओरडा केला, त्यांच्यावरही दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. त्या बायकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पुढच्या वेळी शेजारणीला मारताना त्या काही पाहतील का, ऐकतील का?

तुमच्या धोरणानुसार भरपाईची सुरुवात ज्या कारागृहात घडलं, तिथल्याच अधीक्षकाच्या प्राथमिक अहवालानं होते. ज्या कारागृहाच्या वहीत 'घसरून पडला' लिहिलं जातं, त्याच कारागृहाचा अहवाल. निदान मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 नुसार मॅजिस्ट्रेटची स्वतंत्र चौकशी होते. कोठडीतला मृत्यू, बेपत्ता होणं किंवा बलात्कार असेल तर ती होते. मारहाणीनंतर माणूस वाचला तर ती चौकशी नाही. त्यानं दिवाणी दावा लावायचा, त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यायची, नाहीतर उच्च न्यायालयात रिट करायचं. पुरावा म्हणून काय द्यायचं? मुका मार तीन आठवड्यांत विरतो. माझा अशील जामिनावर सुटून सरकारी रुग्णालयात गेला तेव्हा डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं की बाहेरून जखम दिसत नाही. खरंच दिसत नव्हती.

म्हणून वैद्यकीय तपासणी बाहेरच्या डॉक्टरांकडून, चोवीस तासांत झाली पाहिजे. बंदी किंवा त्याचा वकील किंवा घरचं माणूस, कुणीही तोंडी सांगितलं तरी पुरे. तपासणीत तळवे, पाठ, मांड्या बघितल्या जाव्यात आणि फोटो काढले जावेत. जखमेचं कारण डॉक्टरनं लिहावं, शिपायानं सांगितलेलं उतरवू नये. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण त्याच दिवशी बाजूला काढून जिल्हा न्यायाधीशांच्या ताब्यात जावं. चौकशी त्या कारागृहाशी संबंध नसलेल्या माणसानं करावी. आणि तक्रार केलेल्या बंद्याला, त्याची इच्छा असेल तर, दुसऱ्या कारागृहात हलवावं. यातलं बहुतेक तुमच्या एका परिपत्रकानं होऊ शकतं. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

दिल्लीकडं बघत बसण्यात अर्थही नाही. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997 मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. 2010 मध्ये लोकसभेनं छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेच्या समितीकडं गेलं आणि पुढं कायदा न होताच बाद झालं. 2017 मध्ये विधी आयोगानं पुन्हा मसुदा दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंच्या बाबतीत वारसांना भरपाई देण्यासाठी स्वतःहून याचिका दाखल करून घ्यायला सांगितलं. पण तिथंही हिशेब मृत्यूपासूनच सुरू झाला. जिवंत राहिलेल्यांचा विचार राज्यांनी करायचा आहे, आणि एप्रिल 2025 चं धोरण काढून महाराष्ट्रानं पहिलं पाऊल टाकलेलंच आहे. त्याच धोरणात 'मृत्यू' या शब्दाशेजारी 'दुखापत' हा शब्द घाला. कायमचं अपंगत्व, हाड मोडणं, कामाचा बुडालेला काळ, उपचाराचा खर्च, यांचे दर ठरवा. रस्त्यावरच्या अपघाताचे हिशेब आपली न्यायाधिकरणं रोज करतात. तुरुंगातल्या पायाचा हिशेब त्याहून अवघड नाही.

माझ्या अशिलाच्या बाबतीत तो हिशेब असा आहे. हॉटेलात आठ-दहा तास उभं राहून तो टेबलं सांभाळायचा, वर टिप मिळायची. आता दोन तासांत टाचेतून कळ निघते. मालक भला माणूस आहे, त्यानं कामावरून काढलं नाही. मागच्या बाजूला स्टुलावर बसवून कांदे-बटाटे चिरायला दिलं आहे. पगार कमी झाला, टिप बंद झाली. मोबाईल चोरला की नाही, ते न्यायालय ठरवेल. चोरला असेल तर त्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिच्यात तळवे फोडणं कुठंही लिहिलेलं नाही.

त्याच्या आईनं तुम्हाला एक पत्र लिहिलं आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर, दोन्ही बाजूंनी. मी सांगितलं होतं की मसुदा करून देते, टाइप करून देते. ती नको म्हणाली. मी त्यातलं एकही अक्षर बदललेलं नाही. ते तुमच्या कार्यालयात वेगळ्या पाकिटातून येईल. पाकिटावर तिचा पत्ता आहे. उत्तर मला नको, तिला पाठवा.

आपली विश्वासू,
विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची एक वकील